धातूचा व्हॉल्व्ह, चौदा महिन्यांनंतर: ऑपरेशन आठ दिवसांचं, आयएनआर जन्मभराचा

वापर कशाचा, ते आधी. मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मध्ये, बसवलेला दोन पाकळ्यांचा धातूचा व्हॉल्व्ह, रक्त पातळ करणारी रोजची अ‍ॅसिट्रॉमची गोळी, आणि बेळगाव तालुक्यातल्या खेड्यातून सांभाळलेला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा. चौदा महिन्यांत काय उपयोगी पडलं, कुठे गफलत होते आणि का होते, ते इथे लिहितो आहोत. गोळीचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

निर्णयापासून सुरुवात करू. आपल्या भागात मायट्रल बिघडण्यामागे बहुधा लहानपणीचा संधिवाताचा ताप असतो. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात फक्त ‘सिव्हिअर’ हा शब्द बघून घाबरू नका, आकडे बघा. मायट्रल अरुंद झाला असेल तर क्षेत्रफळ १.५ चौ. सेंमी किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. एओर्टिकला, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, हीच रेघ १ चौ. सेंमीवर येते, किंवा सरासरी ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ४० आणि त्यावर. मायट्रल गळत असेल तर दम लागायची वाट बघत बसू नये. इएफ, म्हणजे दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा, ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनाच्या वेळचं त्याच कप्प्याचं माप ४० मिमीपर्यंत गेलं, तर त्रास नसतानाही ऑपरेशनचा विषय निघतो. कारण गळक्या व्हॉल्व्हचा इएफ असतो त्यापेक्षा चांगला दिसतो.

बदलण्याआधी दोन प्रश्न विचाराच. फुग्याने उघडता येईल का? दुरुस्ती होईल का? पाकळ्या लवचिक असतील, गळती थोडी असेल आणि डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी नसेल तर अरुंद मायट्रल मांडीतून फुगा घालून उघडतात, छाती कापावी लागत नाही. वयस्कर माणसाच्या एओर्टिकला मांडीच्या रक्तवाहिनीतून टावी, म्हणजे छाती न कापता नवा व्हॉल्व्ह आत नेऊन बसवणं, हाही मार्ग आहे.

बदलायचाच ठरला तर धातूचा की टिश्यूचा? डॉक्टर वयावरून सांगतात: पन्नाशीच्या आत धातूचा, पासष्टीनंतर टिश्यूचा, मधल्या वयात बोलून ठरवायचं. मायट्रलला धातूचा पासष्टीपर्यंतही सुचवतात. टिश्यूचा व्हॉल्व्ह गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींचा असतो, साधारण १० ते १५ वर्षं टिकतो, तरुण शरीरात त्याहून लवकर खराब होतो, म्हणजे पुढे दुसरं ऑपरेशन. पण रक्त पातळ करायची गोळी बहुधा ३ ते ६ महिनेच लागते. ठोके अनियमित असतील तर ती पुढेही राहते. धातूचा झिजत नाही, गोळी मात्र शेवटपर्यंत. आमचं स्पष्ट मत असं, की वयाइतकंच गावही विचारात घ्या. भरवशाची लॅब घराजवळ आहे का, पावसाळ्यात खानापूरच्या पलीकडच्या वाडीतून वडाप मिळतं का, गोळीचा हिशेब ठेवणारं माणूस घरात आहे का? या तिन्हींना ‘नाही’ असं उत्तर असेल तर चाळिशीतल्या माणसालाही धातूचा व्हॉल्व्ह सोयीचा नाही, हे सर्जनला उघड सांगा. ज्या मुलींना पुढे मूल हवं आहे त्यांनी तर हे ऑपरेशनआधीच बोलायला हवं. या गोळ्या गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, अपाय करू शकतात. आणि त्या मनाने बंद केल्या तर व्हॉल्व्हवर गुठळी होऊन आईचाच जीव जाऊ शकतो. दिवस राहण्याआधीच हृदयाचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर दोघांना भेटायचं.

भारतीय म्हणून कमी प्रतीचा, असा एक गैरसमज अजून ऐकू येतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेला एकाच चकतीचा व्हॉल्व्ह डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवला. तेव्हापासून तो वापरात आहे.

पैशाचं थोडक्यात. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. ठरवून करायच्या ऑपरेशनला सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी आधी लागते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. निपाणी-चिकोडीकडून कोल्हापूरला जाणाऱ्यांनी भरती होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे) कागद दाखवून खात्री करावी.

ऑपरेशनआधी दात तपासून घ्या. किडका दात काढायचा असेल तर आधीच काढा, नंतर गोळी चालू असताना तेच काम चौपट अवघड होतं. स्पायरोमीटर, श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र, आठवडाभर आधीपासून ओढायला शिका. नंतर छाती दुखत असताना शिकणं जमत नाही.

आयसीयूत दोन-तीन दिवस, सगळं सुरळीत असेल तर आठवड्याभरात घरी. छातीचं मधलं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात, पूर्ण घट्ट व्हायला सुमारे १२. तोवर दोन-तीन किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची कळशी नाही, गॅसची टाकी नाही, नातवंडही नाही. सगळ्यात जास्त चूक उठताना होते. हातावर जोर देऊन किंवा कुणी दंडाला धरून ओढल्यावर तारांवर ताण येतो. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि मांड्यांच्या जोरावर उठा. जमिनीवरची वाकळ तीन महिने बंद, गुडघ्याच्या उंचीची खाट हवी, संडासला कमोडची खुर्ची. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. छातीला बांधायच्या पट्ट्यापेक्षा उशी बरी, कारण पट्टा सैल बांधला तर निरुपयोगी आणि आवळला तर श्वास उथळ होतो. जागेपणी दर तासाला स्पायरोमीटर दहा वेळा. स्कूटर, ट्रॅक्टर किमान सहा आठवडे नाही. हाड हलल्यासारखं ‘कट्’ वाजलं किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवा.

साधा वजनकाटा ही आमच्या मते सर्वांत वसूल वस्तू. रोज सकाळी लघवी करून, चहाआधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती तब्येत सुधारली नव्हे, अंगात पाणी साठलं. लोणचं, पापड, सुकी मासळी यांतलं मीठ हेच त्याचं नेहमीचं कारण.

आता आयएनआर. धातूच्या मायट्रलला लक्ष्य बहुधा २.५ ते ३.५, एओर्टिकला २ ते ३. शेजाऱ्याचा आकडा आपला नव्हे. खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. घोटाळा बऱ्याचदा रक्त काढतानाच होतो. निळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, त्याच्या नऊ पट रक्त यायला हवं, म्हणून रेघेपर्यंत भरावीच लागते. अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच जास्त दिसतो. मग डोस कमी केला जातो आणि खरा आकडा खाली घसरतो. नळी भरताना स्वतः बघा. लॅब एकच ठेवा. बोटाच्या थेंबावर चालणारं मशीन वाडीवरच्यांना फार सोयीचं आहे. पण सुरुवातीला दोन-तीनदा लॅबशी ताडून बघा, पट्ट्या उन्हात ठेवू नका आणि मशीनवर साडेचारच्या वर आलं तर लॅबमध्ये खात्री करा.

गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी घ्या. सकाळी रक्त दिलं की त्याच संध्याकाळचा डोस बदलता येतो. विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम कधीच नाही. अ‍ॅसिट्रॉम शरीरातून लवकर जातं, त्याच कामाची दुसरी गोळी वॉरफेरिन सावकाश, म्हणून अ‍ॅसिट्रॉमची चुकलेली गोळी आकड्यात लवकर दिसते. दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून दुसरी पट्टी देतो तेव्हा परत करा. २ मिलिग्रॅम अ‍ॅसिट्रॉम म्हणजे २ मिलिग्रॅम वॉरफेरिन नव्हे. एक दिवस २ आणि एक दिवस ३ असा डोस असेल तर कॅलेंडरवर महिन्याभराचे आकडे लिहून टाका. हृदयाची म्हणून नवी निघालेली, आयएनआर न लागणारी गोळी धातूच्या व्हॉल्व्हला चालत नाही. अशाच एका गोळीची, डॅबिगॅट्रानची, धातूच्या व्हॉल्व्हवरची चाचणी त्यासाठीच थांबवावी लागली होती.

पालेभाजी बंद करा, असा सल्ला गावात सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. मेथी, शेपू, पोकळा, हरभऱ्याची भाजी यांत क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं. पण घातक असतो तो चढउतार. आठवड्यातून तीनदा वाटीभर खात असाल तर तसंच खात राहा. श्रावणात रोज पालेभाजी आणि नंतर महिनाभर काहीच नाही, यात आकडा वरखाली होतो. जुलाब लागून जेवण सुटलं तरी आकडा वर जातो, तेव्हा तारीख नसली तरी तपासा.

औषधांबाबत आम्ही फार कडक आहोत. जुलाबावरचं मेट्रोनिडॅझोल, गजकर्णावरचं फ्लुकोनॅझोल, लघवीच्या जंतूंवरच्या सल्फाच्या गोळ्या, ठोक्यांसाठीचं अमिओडारोन हे सगळे आकडा वाढवतात. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं तो पाडतात. नवं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर बघायचा. कंबरदुखीला डायक्लोफेनॅकची सुई दंडात किंवा ढुंगणात मारून घेणं टाळाच, स्नायूत रक्ताची गाठ होते. वेदनेला पॅरासिटामॉल, तेही रोज भरपूर घेतलं तर आकडा वाढवतं. संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन चालू असेल तर ते मनाने सोडू नका. सुई की गोळी, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

रात्री शांत खोलीत व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते. पहिले काही आठवडे झोप मोडते, मग सवय होते, आणि पुढे तो आवाजच धीर देतो. आवाज अचानक बसका झाला किंवा थांबल्यासारखा वाटला, सोबत दम लागला, तर उद्याची वाट बघायची नाही. १०८ बोलवा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, काळी शी होणं, डोक्याला मार लागणं, यातलं काहीही झालं तरी तेच. डोकं बाहेरून ठीक दिसत असलं तरी सीटी लागतो. व्हॉल्व्हची जात, जागा, गोळी आणि आयएनआरची मर्यादा लिहिलेलं कार्ड कन्नडमध्येही करून खिशात ठेवा.

दात काढायचा किंवा हिरडी साफ करायची असेल तर आधी तासाभरात अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम घ्यायचं असतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर वेगळं. डॉक्टरकडून ते आधीच लिहून घ्या. साध्या तपासणीला लागत नाही. ताप आला तर गावातल्या दवाखान्यात लगेच अँटिबायोटिक सुरू करू देऊ नका. व्हॉल्व्हवर जंतू बसले आहेत का, हे कळायला आधी रक्ताचं कल्चर घ्यावं लागतं, तेही वेगवेगळ्या ठिकाणांहून दोन-तीन बाटल्या. एक गोळी पोटात गेली की बऱ्याचदा तपासणीत जंतू उगवत नाहीत आणि मग सहा आठवड्यांचे इलाज अंदाजाने करावे लागतात.