इस्रो की स्टार्टअप?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी हा वाद रोज जेवताना रंगतो. भाचीचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. ताईचा जीव इस्रोत अडकलाय: पगार ठरलेला, आणि अहमदाबादचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर गाडीने दोन तासांवर, म्हणजे शनिवारी पोर घरी! (खरं कारण हेच.) पण जागा मोजक्या, लेखी परीक्षा, मग मुलाखत. नेमणूक कुठे होईल ते आपल्या हातात नाही.

भाचीच्या लॅपटॉपवर मात्र ‘अग्निबाण’ रॉकेटचं स्टिकर चिकटलंय. चेन्नईच्या अग्निकुल या स्टार्टअपने ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून ते उडवलं. इंजिन थ्रीडी प्रिंटरवर एकसंध छापलेलं, जोडकामाची भानगडच नाही. त्याआधी उड्डाण अनेकदा रद्द झालं होतं. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम-एस रॉकेट सोडलं, तेही उपकक्षीयच, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत न जाता खाली येणारं. अशा ठिकाणी नवख्यालाही लवकर खरं काम मिळतं, पण गुंतवणूकदारांचा पैसा आटला की नोकरीही गेली.

माझं मत? बाविशीत स्टार्टअप. फक्त ताई, इस्रोच्या बऱ्याच जागांची वयोमर्यादा २८ आहे, तोवर तिचा फॉर्म भरायला विसरू नकोस.