पावतीवर ‘फी’ नाही, ‘देणगी’ लिहिलं होतं

बारावी सायन्स झाली, नीटमध्ये बीडीएसच्या जवळपासही पोचले नाही. तेवढ्यात पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटची जाहिरात दिसली: डेंटल हायजिनिस्ट (दवाखान्यात पेशंटचे दात साफ करून देणारी) डिप्लोमा, एक वर्ष, सरकारमान्य, नोकरीची हमी. बाबांनी ९५,००० भरले, त्यातले ४०,००० पतपेढीचं कर्ज काढून.

“सरकारमान्य म्हणजे कुणाची मान्यता?” बाबांनी विचारलं होतं, नाही असं नाही. काउन्सेलर मॅडमनी भिंतीवरची फ्रेम दाखवली. नोंदणी क्रमांक, गोल शिक्का. बाबा गप्प झाले. ती फ्रेम मी वाचली ती वर्षभराने. संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. सात माणसं जमवली की संस्था नोंदवता येते. ती नोंदणी संस्थेची, कोर्सशी तिचा काही संबंध नाही.

वर्गात आम्ही वीस जणी आणि प्लास्टिकचा एक जबडा, त्याचेही खालचे दोन दात निखळलेले. दातांवर नेलपॉलिश लावायचं आणि टार्टर (दातांवरचा कडक थर) समजून स्केलरने, म्हणजे तो थर काढायच्या हत्याराने, खरवडायचं. (हे खऱ्या कॉलेजातही करतात म्हणे, त्याला नावं ठेवत नाही. पण तिथली मुलं पुढे पेशंटच्या तोंडात हात घालतात.) आमची ‘क्लिनिकल पोस्टिंग’ म्हणजे एका दवाखान्यात सहा महिने फुकट अपॉइंटमेंट लिहिणं, ट्रे धुऊन ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला) लावणं आणि सक्शन (तोंडातली लाळ-पाणी ओढणारी नळी) धरणं.

मग इंटरव्ह्यूला गेले. डॉक्टर मॅडमनी सर्टिफिकेट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “कौन्सिलचा नंबर?”

मी म्हटलं, “कुठल्या कौन्सिलचा?”

त्यांनी चहा मागवला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी सांगितलं: कायद्याने हायजिनिस्टचं वेगळं रजिस्टर असतं, त्यात नाव हवं. त्यासाठी मान्यताप्राप्त डेंटल कॉलेजातला दोन वर्षांचा कोर्स लागतो. आपल्याकडे नाव नोंदवायचं ते महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत. “तुला असिस्टंट म्हणून ठेवते, पण स्केलर हातात देणार नाही,” त्या म्हणाल्या. आजही मी तिथेच आहे.

मुलींनो, ‘सरकारमान्य आहे का’ असं विचारूच नका, हो म्हणायला पैसे पडत नाहीत. ‘या डिप्लोम्यावर राज्य दंत परिषदेत हायजिनिस्ट म्हणून नोंदणी होते, असं लेटरहेडवर लिहून द्या’ म्हणा. आणि खात्री परिषदेकडूनच करून घ्या, इन्स्टिट्यूटने दिलेल्या नंबरवर फोन करून नव्हे.

पैसे परत मागायला गेलो तर त्या मॅडम सोडून गेलेल्या. नव्या मॅडमनी पावतीवर बोट ठेवलं. आमच्यापैकी कुणीच ती नीट वाचली नव्हती: ‘संस्थेस ऐच्छिक देणगी’. ग्राहक आयोगात तक्रार करायचं ठरवलंय. वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, फी म्हणून भरल्याचा दुसरा काही कागद आहे का? माझ्याकडे फक्त काउन्सेलर मॅडमचा एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे, ‘उद्यापर्यंत फी भरा, दोनच सीट उरल्यात’. तोच प्रिंट काढून लावणार आहोत.