तांब्याची पट्टी घ्यायला जाताना मल्टिमीटर न्या

भाचीची स्ट्रॅट धाटणीची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आली ती भणभणीमुळे. ॲम्प लावला की ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर आधी ऐकू यायचे, सूर मागाहून. पिकगार्डचे (तारांखालच्या प्लास्टिकच्या झाकणाचे) अकरा स्क्रू काढून आत पाहिलं तर नुसतं लाकूड. शील्डिंगच्या, म्हणजे बाहेरची भणभण अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या नावाने काहीच नाही. म्हणून तांब्याची चिकटपट्टी आणली, तीही दोनदा. हे लिहितोय ते दुसऱ्या रिळाबद्दल, पण पहिल्याचं सांगितल्याशिवाय दुसऱ्याची किंमत कळणार नाही.

पहिलं ऑनलाइन मागवलं होतं. चकचकीत, चिकटायलाही घट्ट. रात्री जागून पिकगार्डखालचा सगळा खळगा मढवला आणि मीटरची एक काडी एका तुकड्यावर, दुसरी शेजारच्यावर टेकवली. बीप नाही. पट्टीमागचा डिंक वीज वाहून नेत नव्हता. वरून सलग पत्रा दिसत होता, पण ज्या तुकड्याला अर्थची वायर जोडली तेवढाच कामाचा, बाकीचे सुटे. प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा थेंब देऊन भागवता येतं. मी चार दिलेही, पाचव्याला खालचं पॉलिश करपल्याचा वास आला तेव्हा थांबलो. सगळं सोलून काढलं.

दुसरं रीळ मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतलं. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचं, रविवार टाळायचा. काउंटरवरच विचारलं, "दादा, दोन तुकडे एकावर एक चिकटवून मीटर लावून बघू का?" "बघा की," म्हणत त्यांनीच कात्री पुढे केली. सांध्याच्या आरपार ०.३ ओहम. माझ्या मीटरच्या काड्या नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.२ दाखवतात, म्हणजे सांध्यात अडथळा जवळपास नाहीच. ५० मिलिमीटर रुंद, १० मीटर लांब, ६२० रुपये. या गिटारला सव्वादोन मीटर पुरली.

पत्रा पातळ आणि मऊ आहे. आइस्क्रीमच्या काडीने दाबत गेलं की गोल कोपऱ्यातही छान बसतो, ताणला मात्र लगेच फाटतो. कडा ब्लेडसारख्या आहेत, तर्जनीला दोन ठिकाणी कापलं, तेव्हा हातमोजे घालाच. तुकडे एकावर एक निदान अर्धा सेंटिमीटर चढवा. खळग्याच्या काठावरून एक जीभ बाहेर वळवून ठेवायची आणि पिकगार्डच्या पाठीलाही पट्टी लावायची. स्क्रू आवळले की डबीला झाकण बसावं तसे दोन्ही पत्रे एकमेकांना टेकतात. तांब्यावर सोल्डर पटकन धरतं. पॉटची (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या पोटेन्शियोमीटरची) पाठ मात्र २५ वॅटच्या आयर्नला दाद देत नाही. ती सँडपेपरने घासून ६० वॅटचा आयर्न लावला, तेव्हा कुठे थेंब नीट पसरला.

जॅकच्या खळग्यात विशेष सांभाळा. केबलची पिन आत गेली की जॅकची पाकळी बाहेर वाकते, ती तांब्याला टेकली की सिग्नल सरळ अर्थला जातो आणि गिटार मुकी होते. माझी झाली. तासभर पॉट तपासत बसलो होतो. तिथे तांब्यावर साधी इन्सुलेशन टेप लावली आणि आवाज परत आला.

ट्यूबलाइट आणि रेग्युलेटरची भणभण गेली. भाचीने व्हॉल्यूम पूर्ण वर नेला आणि ॲम्पचा दिवा लागलाय का ते वाकून पाहिलं. मग तिने स्विच मानेकडच्या पिकअपवर (तारांचं कंपन पकडणाऱ्या कॉइलवर) टाकला आणि म्हणाली, "मामा, खालची गुणगुण आहे अजून."

आहेच, आणि ती राहणार. पट्टी विकणारे 'सगळा नॉइज जातो' असं छापतात ते खरं नाही. पातळ तांबं विद्युत क्षेत्र अडवतं, पण ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरामात आत जातं आणि सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, ते पकडतोच. या गिटारचा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, म्हणून स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे दोन पिकअप एकत्र चालतात, दोन कॉइल एकमेकींची गुणगुण खोडतात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागेवर ती ऐकू येते. ॲम्पपासून चार हात लांब, जरा तिरकं बसलं की तीही बरीच कमी होते. भाची आता खिडकीपाशी बसून वाजवते.