झारकालीन रशियाच्या नोट्स: घ्या, पण तारखा दुरुस्त करून

जळगावात झेरॉक्सच्या दुकानांतून स्पर्धा परीक्षेसाठी विकला जाणारा झारकालीन रशियाचा हा संच घेण्यासारखा आहे.

अर्थकारणाचा भाग उत्तम. सर्गेई विट्टे 1892 ते 1903 रशियाचे अर्थमंत्री. परकीय कर्ज, जकात, 1897 चं सुवर्णमानक (रुबलची किंमत सोन्याशी बांधणं) आणि हा डोलारा पेलायला निर्यातीला जाणारं शेतकऱ्याचं धान्य, ही साखळी नीट उलगडली आहे. कापसाच्या खानदेशात इवानोवो-वोझ्नेसेन्स्क या रशियन शहरातल्या कापडगिरण्यांचं पान विशेष भिडतं. 1905 चा तिथला संप 72 दिवस चालला, त्यातूनच कामगारांची सोव्हिएत, म्हणजे निवडून दिलेल्या प्रतिनिधींची परिषद, उभी राहिली. अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा ऐकलेल्या घरांत हे वेगळं समजवावं लागत नाही.

घोळ तारखांचा. रक्तरंजित रविवार, म्हणजे सेंट पीटर्सबर्गमध्ये झारच्या सैनिकांनी कामगारांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या तो दिवस, एका पानावर 9 जानेवारी 1905, दुसऱ्यावर 22. दोन्ही बरोबर, पण पहिली जुन्या रशियन कॅलेंडरची, हे कुठंच लिहिलेलं नाही. आजच्या कॅलेंडरची तारीख काढायला एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या तारखेत 12 दिवस मिळवा, विसाव्यातल्या तारखेत 13.

कामाचा दिवस साडेअकरा तासांवर आणणारा 1897 चा कायदा दिलाय, पण जादा काम (ओव्हरटाइम) करून घेण्याची पळवाट गाळली आहे. मग कायद्यानंतरही कामगार का पेटले, ते विद्यार्थ्याला कळणार कसं? 1912 चा सैबेरियातल्या लेनाच्या सोन्याच्या खाणींवरचा, संपकरी कामगारांवर झालेला गोळीबार तर एका ओळीत उरकलाय. पुढच्या आवृत्तीत त्याला निदान एक पान हवंच.