खाऱ्या पाण्यातल्या वर्म फ्लायचं किट: शेनील झकास, हुक बदलाच

मागच्या महिन्यात १,८५० रुपयांचं फ्लाय टाइंग किट (फ्लाय म्हणजे मासे पकडायला हुकवर दोरा वगैरे बांधून केलेलं खोटं भक्ष्य) मागवलं, कारण पुण्यात हे सामान एका ठिकाणी मला तरी कुठे मिळालं नाही. हुक घट्ट धरणारा छोटा व्हाइस, रीळ धरायचं बॉबिन, दोरा, लाल-केशरी शेनील (मखमलीसारखा केसाळ दोरा), सशाच्या कातडीच्या पट्ट्या आणि २५ हुक असं सगळं आहे त्यात.

सगळ्यात आधी शेनील, कारण वर्म फ्लायचा, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या फ्लायचा, जीव त्यातच आहे. मी आधी रविवार पेठेतून वेल्वेटसारखी लोकर आणली होती, ती सुती निघाली, लाइटर जवळ नेला की नुसती राख. किटमधलं शेनील सिंथेटिक आहे, टोक आचेच्या जवळ नेलं की वितळून निमुळतं होतं, अगदी किड्याच्या शेपटीसारखं, आणि मग सुटत नाही. आच लांबूनच द्या हं, नाहीतर गोळा होतो. दोन-अडीच इंच शेपटी मोकळी सोडायची, हुकच्या दांड्यावर दोन-चार वेढे आणि डोक्याला तपकिरी दोरा, बास. दोऱ्यावर मी तुळशीबागेतलं पारदर्शक नेलपॉलिश लावतो, मस्त टिकतं.

ही फ्लाय ज्यांची नक्कल आहे ते पालोलो वर्म नावाचे समुद्री किडे तिकडे अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांजवळ मे-जूनच्या सुमाराला वर येतात, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, संध्याकाळच्या ओहोटीला, आणि पन्नास-पन्नास किलोचे टार्पन मासे त्या बोटभर किड्यांसाठी वेडे होतात. हा किडा पाण्याच्या वरच्या थरात सरळ पोहत जातो म्हणून फ्लाय हलकीच हवी, वजनासाठी लावतात ते शिशाचे डोळे वगैरे नकोत. सशाची पट्टी पाण्यात फार सुंदर वळवळते पण भिजली की जड होते आणि फेकताना हात दुखतो, मला शेनीलच आवडलं.

आता हुक. जाहिरातीत सॉल्टवॉटर लिहिलंय आणि आत ब्राँझ रंगाचे, गोड्या पाण्याचे हुक! रेवदंड्याच्या खाडीत एक सकाळ वापरले, घरी येऊन गोड्या पाण्याने धुतले तरी चार दिवसांत गंजले, आणि तो गंज शेनीलमध्ये उतरला, आठ फ्लाय गेल्या. इतक्या मेहनतीने बांधलेल्या, खरंच वाईट वाटलं. विक्रेत्याला मेसेज केला, उत्तर नाही. शेवटी १/० मापाचे स्टेनलेस हुक वेगळे घेतले, कथिलाचा मुलामा असलेलेही चालतात. त्यावर बांधलेल्या फ्लायला परवा तांबोशी लागली, हाताएवढीच होती, सोडून दिली.

व्हाइस ठीक आहे, २/० पेक्षा मोठा हुक त्यात घसरतो. पाचपैकी साडेतीन.