'अनुभवाचे क्रेडिट घ्या, एका वर्षात डिग्री': वाशीतल्या ऑफिसने मला कसं गंडवलं

मी तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स बघते. बी.कॉम.चं एफवाय, एसवाय झालं, टीवायला लग्न ठरलं आणि ते तसंच राहिलं. सीनियरच्या पोस्टला डिग्री लागते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरत आलेली जाहिरात मी नीट वाचली: शिक्षण अर्धवट राहिलंय? नव्या शैक्षणिक धोरणानुसार नोकरीच्या अनुभवाचे क्रेडिट मिळवा, एक असेसमेंट, एका वर्षात पदवी. ऑफिस वाशी स्टेशनजवळच्या एका टॉवरमध्ये. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. तशीही ती पाटी आता उतरली आहे.

समोरची मुलगी जे सांगत होती त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क, म्हणजे अभ्यासाचे क्रेडिट मोजायची सरकारी चौकट, 2023 मध्ये आलं, खरं. साधारण 30 तासांच्या अभ्यासाला 1 क्रेडिट, वर्षाचे 40, आणि कामाच्या अनुभवालाही मूल्यमापन करून क्रेडिट देता येतात, हेही त्यात आहे. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं, 2021 पासून आहे. "मॅडम, अमेरिकेत पोरं क्लेपची दीड तासाची परीक्षा देतात आणि कॉलेजचा अख्खा विषय सुटतो," म्हणाली. तेही खोटं नाही. मी घरी येऊन गुगल केलं, सगळं जुळत होतं.

जे ती बोललीच नाही ते असं. क्लेपला 20 ते 80 मध्ये स्कोअर मिळतो, 50 ला क्रेडिट द्यावेत अशी शिफारस आहे, पण द्यायचे की नाही आणि किती, हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. नुसती परीक्षा देऊन कुणी पदवीधर होत नाही. आपल्याकडेही कौशल्य विकास योजनेतलं आरपीएल, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाचं मूल्यमापन, केलं तर हातात कामाचं प्रमाणपत्र येतं, बी.कॉम. नाही. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स सेमिस्टरच्या 40 टक्क्यांपर्यंत धरता येतात, पण तुमचा प्रवेश असलेल्या विद्यापीठाने ते मान्य केले तर. म्हणजे आधी प्रवेश हवा. इथे विद्यापीठ कोणतं विचारलं की उत्तर यायचं, "फाइल पुढे गेली की अलॉट होतं."

एकूण 65 हजार ठरले. पहिले 25 भरल्यावर रविवारी 'असेसमेंट'ला बोलावलं. रबाळे एमआयडीसीतले दोन फिटर, एक ऐरोलीचा लॅब टेक्निशियन, मी आणि आणखी काही जण. पेपर वाटले आणि मागोमाग उत्तरांची झेरॉक्सही. घसाऱ्याची नोंद होती, तिच्यात डेबिट-क्रेडिट उलटं. रोज तेच काम करते, मला राहवेना. उठून दाखवलं, तर पेपर वाटणारा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, जसं आहे तसं उतरवा. तपासणाऱ्याकडेही हीच कॉपी आहे." वर समजावलं की ही फक्त अनुभवाची फॉर्मॅलिटी, विद्यापीठाची परीक्षा नंतर. त्या बोलीवर आणखी 20 हजार गेले.

विद्यापीठाची परीक्षा आलीच नाही. एक दिवस थेट तिन्ही वर्षांच्या मार्कशीट टेबलावर मांडल्या. परराज्यातलं खासगी विद्यापीठ, होलोग्राम वगैरे व्यवस्थित. सत्र 2020-21 पासून पुढची. आणि 2020-21 च्या मार्कशीटवर माझा जो फोटो होता त्यात मी गेल्या दिवाळीत केलेला चष्मा लावलेला! "बॅकडेट एंट्री आहे, सगळ्यांची अशीच होते. उरलेले 20 द्या आणि घेऊन जा."

पैसे दिले नाहीत, मोबाइलमध्ये फोटो काढून निघाले. लोकलमध्येच डिजिलॉकरवर माझं क्रेडिट बँकेचं खातं उघडलं. क्रेडिट शून्य. या खात्यात क्रेडिट जमा करायचा अधिकार फक्त नोंदणीकृत संस्थेला आहे, विद्यार्थ्याला नाही, कुठल्या एजंटला तर नाहीच. पगार कंपनीच जमा करते, आपण पासबुकात आकडा लिहीत नाही, तसंच हे. ते विद्यापीठ मात्र खरं निघालं. त्यांच्या परीक्षा विभागाला मेल केला, उत्तर आलं की हा नोंदणी क्रमांक आमचा नाही. म्हणून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) बोगस विद्यापीठांच्या यादीत नाव नाही एवढ्यावर समाधान मानू नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर ते विद्यापीठ, तो कोर्स आणि ते सत्र, तिन्ही बघा. 2024 पासून अशा प्रवेशाला याच ब्युरोचा डीईबी आयडी लागतो, तो आपणच काढायचा असतो. मी विचारलं होतं तेव्हा "तुमची जुनी बॅच, गरज नाही" म्हणाले होते. फ्रँचायझी देऊन असे कोर्स चालवायला मनाई आहे आणि फी विद्यापीठाच्या खात्यात भरायची असते. माझे पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर गेले.

पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे जुन्या 420 खाली, तक्रार दिली आहे. अडचण पावतीची. तिच्यावर 'मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही' एवढंच, विद्यापीठाचा उल्लेखच नाही. कामाला आले ते व्हॉट्सॲप चॅट आणि मार्कशीटचे फोटो, तेव्हा काहीही डिलीट करू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच केला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. माझे जाऊन महिने झाले होते.

माझ्याबरोबरच्या एका फिटरने पूर्ण पैसे भरून मार्कशीट घेतल्या. "निदान वसूल तरी करतो," म्हणत होता. त्याला कळवळून सांगितलं की बाबा, घरात ठेव, पण कंपनीत देऊ नकोस. खोटा कागद माहीत असून खरा म्हणून वापरला की गुन्हा वापरणाऱ्यावरही लागतो, मग फसवणूक झालेले आपण आरोपी होतो. त्याने काय केलं माहीत नाही, फोन उचलत नाही.

माझ्या एफवाय-एसवायच्या मूळ मार्कशीट 'व्हेरिफिकेशन'साठी घेतलेल्या अजून त्यांच्याकडेच आहेत. कॉलेजांनाही मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत असं यूजीसीने 2018 मध्येच बजावलंय, आणि मी ते एका कन्सल्टन्सीला देऊन बसले. आता डुप्लिकेटसाठी कलिन्याला मुंबई विद्यापीठात अर्ज करायचाय. पोलीस ठाण्यातला हवालदार म्हणतो, "हरवल्या असं लिहून द्या, लवकर होईल." मी तसं लिहून देणार नाही. कुणाकडे आहेत ते मला ठाऊक आहे, आणि तक्रारीत तेच लिहिलंय.