एका हाताने मिटणारा स्ट्रोलर, सिंगापूर आणि पुढचं डावं चाक

लेकीच्या स्ट्रोलरचं, म्हणजे बाबागाडीचं, चाक बिघडल्याच्या माझ्या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरचं उत्तर असं होतं: तपासणीत पुढच्या डाव्या चाकाची झीज घराबाहेरच्या वापरामुळे झाल्याचं आढळलं, त्यामुळे ती वॉरंटीत बसत नाही. स्ट्रोलर घराबाहेर वापरल्यामुळे! आमचा सिंगापूरमधला, पुंगोलचा भाड्याचा फ्लॅट लेकीला हॉलमधून बेडरूमपर्यंत गाडीत बसवून न्यावं लागेल एवढा असता, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातले सगळे स्ट्रोलर थोड्याफार फरकाने सारखेच असतात: साडेसहा किलोच्या आसपास वजन, एका हाताने घडी, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावतो हा दावा. ते सगळं तुम्ही वाचलेलं असणार. आम्ही सेलमध्ये ४२९ सिंगापूर डॉलरला घेतला. रुपयांत गुणू नका, मी गुणलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. कॅरोसेल या जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर हाच मॉडेल, जेमतेम वापरलेला, दीडशेला मिळत होता. पण नवऱ्याचं म्हणणं, नव्याला वॉरंटी असते. हे वाक्य मी त्याला अधूनमधून ऐकवत असते.

आधी घडीबद्दल, कारण पैसे आपण तिचेच मोजतो. दुकानातल्या मुलाने एक बटण दाबलं, हँडल खाली ढकललं आणि गाडी मिटून स्वतःच्या पायावर उभी राहिली. काखेत पोर, खांद्यावर पिशवी अशा अवस्थेत हे जमलं पाहिजे, हे पटलंही. पण इथे राहायला लागल्यावर लक्षात येतं की सिंगापूरमध्ये घडी घालायची वेळ फारशी येतच नाही. एप्रिल २०१७ पासून सार्वजनिक बसमध्ये स्ट्रोलर उघडा ठेवून चढता येतं. त्याआधी घडी घालूनच चढावं लागायचं. २०२० च्या अखेरीपासून तर इथली प्रत्येक सार्वजनिक बस व्हीलचेअर चढू शकेल अशी आहे. व्हीलचेअरच्या जागेत गाडी लावायची, ब्रेक मारायचा, पोराचे पट्टे बांधलेले ठेवायचे. व्हीलचेअरवरचा प्रवासी आला की जागा त्याची, तेव्हा मात्र गाडी मिटायची. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे आणि लिफ्टसमोर म्हातारे, व्हीलचेअरवाले आणि बाळवाले यांच्यासाठी वेगळी, आधी जाऊ देणारी रांग. एस्कलेटरवर स्ट्रोलर नेऊ नका, असे फलक आहेत. तरी नेणारे नेतात, त्यांच्याकडे बघून माझ्या पोटात गोळा येतो.

मग घडी लागते कुठे? दोन ठिकाणी. एक, घरात. एचडीबीच्या, म्हणजे सरकारने बांधलेल्या इमारतींच्या, कॉरिडॉरमध्ये सामान ठेवायला मनाई नाही, पण आग लागली तर लोकांना पळता यावं म्हणून १.२ मीटर रुंदीची वाट मोकळी लागते. दारासमोर चपलांचं कपाट आधीच आहे, त्यामुळे गाडी घरात, दारामागे, उभी. इथे मिटलेला स्ट्रोलर अंगठ्याएवढी जागा घेतो आणि मी त्याला मनापासून दुवा देते.

दुसरं ठिकाण म्हणजे टॅक्सी. नव्याने आलेल्यांना हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोटारीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे. टॅक्सीला यातून सूट आहे. पण अ‍ॅपवरून येणारी खासगी भाड्याची गाडी म्हणजे टॅक्सी नव्हे, तिला सूट नाही. चाइल्ड सीटवाली गाडी मागवता येते, पण ती महाग, आणि संध्याकाळी पाऊस लागला की मिळतच नाही. अशा वेळी टॅक्सी स्टँडवर उभं राहून, टॅक्सी समोर थांबली की पोर कडेवर, स्ट्रोलर एका हाताने बंद, डिकीत, आपण आत. मागे पाच माणसं रांगेत असताना हे झटक्यात होणं ही चैन नाही, गरज आहे. घडीला पैकीच्या पैकी. सूट असली तरी लहान पोर मांडीवर घेऊन टॅक्सीत बसायला मला भीती वाटते, हा वेगळा विषय.

आता चाकं.

हे शहर चाकांसाठीच बांधलंय असं पहिले काही महिने वाटतं. स्टेशनपासून ४०० मीटरच्या परिघात शाळा, दवाखाने, बाजार अशा ठिकाणी जाणाऱ्या वाटांवर सरकारने छप्पर घातलंय, त्यांना लिंकवे म्हणतात. खाली सपाट काँक्रीट, उतार हलके, रस्ता ओलांडताना फुटपाथची कड खाली आणलेली. लेक झोपली की मी मुद्दाम लांबच्या लिंकवेने जायचे. पुण्यात तिला घेऊन निघाले असते तर चौथ्या पावलावर पार्क केलेली स्कूटर आली असती. त्यामुळे दुकानात मी चाकांकडे ढुंकून पाहिलं नाही. कोणीच पाहत नाही. सगळे बटण दाबून घडी बघतात.

पण सपाट शहरातही चाकांना वैरी आहेत. लिटल इंडियातल्या शॉपहाऊससमोरच्या, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या इमारतींसमोरच्या, पाच फुटी पडव्या घ्या. १८२२ साली ब्रिटिश अधिकारी रॅफल्सने शहराचा आराखडा करताना घरासमोर सलग, छपराची वाट ठेवायचा नियम घातला, तेव्हापासूनच्या त्या. सलग त्या नावालाच. प्रत्येक दुकानाची पातळी निराळी. इथे एक पायरी, तिथे अर्धी, मध्येच टाइल्सचा उंचवटा. आमच्या बाजूला पुंगोल वॉटरवे पार्कमध्ये वाळूचं मैदान आणि पाण्याचे खेळ शेजारी शेजारी आहेत, म्हणजे ओली वाळू फुकट. आणि कोनी आयलंड! फुटपाथ नाही, खडीची कच्ची पायवाट. लेकीला तिथल्या पक्ष्यांचं वेड. हलक्या स्ट्रोलरची पुढची चाकं असतात वाटीएवढी. प्रत्येक खडा त्यांना डोंगर.

आवाज सुरू झाला तो डावीकडे वळताना. कुईऽऽ. मग सरळ जातानाही. एमआरटीच्या लिफ्टपाशी रांगेत जरा पुढे सरकलं की कुईऽऽ, आणि पुढच्या आंटी वळून लेकीकडे बघायच्या, बाळ का रडतंय म्हणून. एकदा बघितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मोजे का नाही घातले, ट्रेनमध्ये एसी थंड असतो. झोपलेली लेक नेमकी ब्लॉकच्या लिफ्टमध्ये शिरताना उठायची, कारण उंबऱ्यापाशी गाडी तिरकी करावी लागते आणि तिरकी केली की चाक किंचाळतं. सासूबाई दोन महिन्यांसाठी आलेल्या, त्यांनी खोबरेल तेल सोडलं. आवाज लगेच गेला. मग त्या तेलाला कोनी आयलंडची सगळी धूळ चिकटली आणि आवाज मोठ्याने परत आला. शिलाई मशीनचं तेल मिळवून तेही घालून झालं.

त्यानंतर चाक वळायचंच बंद झालं. गाडी कायम डावीकडे ओढायची, उजव्या मनगटाची वाट लागली. एलआरटीत, म्हणजे आमच्या भागातल्या छोट्या ट्रेनमध्ये, शिरताना ते आडवं झालेलं चाक दार आणि फलाट यांच्या फटीत रुतलं. शेजारच्या कॉलेजच्या मुलाने समोरून उचललं म्हणून सुटलं. त्या दिवशी मी स्ट्रोलर सर्व्हिसला दिला.

आणि मग ते वर सांगितलेलं उत्तर. सोबत पर्याय: पुढच्या चाकांचा अख्खा जोड ६८ डॉलरला. डावं एकटं मिळत नाही. बेअरिंग एकटं तर नाहीच. फोनवरची मुलगी बिचारी गोड होती. "वेअर अँड टेअर, मॅडम," एवढं एकच वाक्य तिला शिकवलेलं. मी म्हटलं, चार महिन्यांत? ती म्हणाली, वाळूवर चालवलं का? मी म्हटलं, तुमच्या डब्यावर बीचचा फोटो आहे.

इथे मोलकरणीपासून मोबाइलपर्यंत सगळ्याला नियम असतो, तसा यालाही आहे, आणि तो माहीत असणं ६८ डॉलरचं आहे. ग्राहक संरक्षणाच्या कायद्यात १ सप्टेंबर २०१२ पासून लेमन लॉ म्हणतात ती तरतूद लागू आहे. वस्तू हातात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष निघाला, तर तो आधीपासून होता असंच धरलं जातं. नव्हता, हे दाखवायची जबाबदारी विकणाऱ्याची. वापरानुसार होणारी झीज आणि गैरवापर त्यात बसत नाही हे खरं, पण ती झीज आहे हे सिद्ध त्यांनी करायचं. आधी दुरुस्ती किंवा बदली, तेही वाजवी वेळेत. ते नाही जमलं तर किंमत कमी किंवा पैसे परत. दाद विकणाऱ्या दुकानाकडे मागायची. मी इतके दिवस ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरशी भांडत होते, तर पत्र थेट दुकानाला धाडलं. पावती, पहिल्या कुईऽऽचा व्हिडिओ (तारखेसकट, नवऱ्याने हसत हसत काढलेला, शेवटी तोच कामी आला), आणि खाली दोन ओळी: ‘केस’ (CASE) या ग्राहक संघटनेकडे तक्रार करत आहे, त्यानंतर स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल. वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे तिथे वकिलाशिवाय चालतात. ४२९ डॉलरसाठी मी खरंच गेले असते. आमच्या घरात उरलेल्या साबणाच्या वड्या नव्या वडीला चिकटवतात.

समोरच्यांचा सूर एका रात्रीत पालटला. "सद्भावना म्हणून" दोन्ही चाकं बदलून देतो म्हणाले. म्हणा काहीही, चाकं द्या. पण महिना लावला. त्या महिन्यात बदली गाडी वगैरे काही नाही. बत्तीस अंश उष्मा, भिजक्या टॉवेलसारखी हवा, आणि कॅरियरमध्ये छातीला चिकटलेलं अकरा किलोचं पोर. याचे दोन तारे मी तिथेच कापले होते.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "घेऊ नका" असं ठणकावणार होते. मध्ये काही आठवडे गेले आणि मत थोडं हललंय.

नवी चाकं आली, आनंदाने फिरली, आणि मग पुन्हा बारीक कुईऽऽ. पुन्हा डावं. या वेळी मी कोणाला पत्र लिहिलं नाही. शेजारच्या ब्लॉकखाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या अंकलकडे गाडी नेली. त्यांनी चाक उलटं केलं, बोटाने फिरवलं, कान लावला आणि चिमट्याने बेअरिंग उपसून माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावर बारीक अक्षरात ६०८ लिहिलेलं. स्केटबोर्डच्या चाकात असतं तेच. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. जगात कुठेही मिळतं. जे एकटं मिळत नाही असं मला दोनदा लेखी कळवलं होतं, ते अंकलच्या बरणीत मूठभर पडलेलं. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलं निवडून बसवलं, म्हणजे वाळू आत जात नाही. मूळ बेअरिंगला नुसतं पत्र्याचं झाकण होतं, सगळ्या रडगाण्याचं मूळ तेच. मजुरीसकट सहा डॉलर. उजव्यालाही घालून द्या म्हटलं, तर "कॅन, कॅन", म्हणजे होईल होईल, म्हणत तेही. वॉरंटी यामुळे बाद झाली असेल. होऊ दे, तिने घराबाहेर यायला नकारच दिला होता.

आता गाडी निःशब्द चालते. इतकी, की लिफ्टच्या रांगेत पुढच्यांना "एक्स्क्यूज मी" म्हणावं लागतं.

बाकीचं भराभर. छत्र चांगलं मोठं, पण विषुववृत्ताजवळचं ऊन सरळ डोक्यावरून येतं, तेव्हा पायाकडून उघडं असलं तरी चालतं. पावसाचं प्लास्टिकचं कव्हर ३५ डॉलरला वेगळं विकतात. घेऊ नका. इथे वर्षाला २,१०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो कोसळतो आणि थांबतो. छपराखाली उभं राहिलेलं बरं, कारण त्या प्लास्टिकमध्ये पोर उकडून निघतं. खालची जाळी अपुरी. टेक्का सेंटरच्या बाजारातून कोथिंबीर, कढीपत्ता, ओला नारळ आणि पापलेट घेतलं की पापलेट हँडलला टांगावं लागतं, आणि लेकीला उचललं की गाडी मागे कलंडते. दमटपणामुळे खांद्याच्या पट्ट्यांवर काळे ठिपके आले. ते धुतल्याने जात नाहीत, न येऊ देणं एवढंच हातात आहे, तेव्हा मिटून दारामागे ठेवण्याआधी पंख्याखाली वाळवा. खाऊचा ट्रे वेगळा मिळतो. एमआरटीने फिरत असाल तर कशाला? ट्रेनमध्ये खाण्यापिण्याला बंदी आहे, ५०० डॉलरपर्यंत दंड. बिस्किटासाठी भोकाड पसरलेल्या पोराला हे समजावण्याचा अनुभव ज्याला त्याला लखलाभ.

घ्यावा का? पुंगोल, सेंगकांगसारख्या नव्या भागात राहत असाल, एमआरटी-बसनेच फिरत असाल, तर घडीवर पैसे घालू नका. मोठ्या चाकांचा, ऐसपैस जाळीचा जड स्ट्रोलर जुना घ्या, दीडशे-दोनशेत उत्तम मिळतो. टॅक्सी वारंवार लागत असेल, घर एका खोलीचं असेल, किंवा वर्षातून एकदा भारतात नेणार असाल, तर हा वर्ग बरा. घेताना दुकानात घडी बघून झाली की गाडी उलटी करा आणि बेअरिंगचं झाकण रबरी आहे की पत्र्याचं ते विचारा. उत्तर बहुधा येणार नाही. ६०८ असेल तर खुशाल घ्या आणि वर बारा डॉलर बाजूला ठेवा.

पाचपैकी साडेतीन. आधी दोन देणार होते, वरचा दीड अंकलचा.

आम्ही सध्या विकत नाही. लेक ९० सेंटीमीटरला टेकायला आली आहे, म्हणजे एमआरटीचा कार्डाशिवायचा फुकट प्रवास संपायला आणि स्ट्रोलरमध्ये बसायला नकार देण्याला एकच मुहूर्त लागणार असं दिसतंय. तेव्हा कॅरोसेलवर टाकीन. नवी सीलबंद बेअरिंग घातल्याचं जाहिरातीत ठळक लिहीन आणि त्याचे वीस डॉलर जास्त लावीन.